रिजेक्शनचा कागद

आमच्या देवघरातलं उदबत्तीचं घर बिडाचं आहे. घर म्हणायचं आपलं. ऑइल इंजिनाच्या ब्रॅकेटचा तो तुटका तुकडा, वजन दीडेक किलो, आणि एका कडेला बारीक भोक. त्या भोकात उदबत्ती बरोबर ताठ उभी राहते. आधी आई लावायची, आता बायको लावते. अण्णांनी 1974 साली कोल्हापूरच्या उद्यमनगरात भट्टी सुरू केली, तेव्हाच्या पहिल्या ऑर्डरीतला हा पीस. चाळीस ब्रॅकेट ओतले, त्यातले अकरा गिऱ्हाइकानं परत पाठवले. दहा घणानं फोडून पुन्हा भट्टीत गेले, अकरावा अण्णा घरी घेऊन आले. का आणला ते त्यांनी कधी सांगितलं नाही. आई म्हणायची, "रागानं आणला असंल, आणि ठेवायला जागा सापडंना म्हणून देवात ठेवला."

माझं रिजेक्शन त्याहून बरंच मोठं. ते ठेवायला जागा सापडायला मला नऊ-दहा वर्षं लागली.

अण्णा 2004 ला गेले. भट्टी माझ्याकडं आली आणि कागल तालुक्यातलं अडीच एकर रान दादाकडं. वाटणी अशी झाली नव्हती, सगळं सामाईकच, पण जो तो आपापलं बघत होता. आमची भट्टी जुनी, क्युपोला. खालून कोक पेटवायचा, वरनं कोक, पिग आयर्न, भंगार आणि चुनखडी असे थर टाकत जायचं. आठवड्यातून दोनदा भट्टी लागायची. इंजिनाचे सुटे भाग, पंपाच्या बॉड्या, असलं काम. उद्यमनगरचं नावच मुळी ऑइल इंजिनांनी झालेलं. नदीचं पाणी उसाला चढवायचं तर इंजिन पाहिजे, आणि इंजिन पाहिजे तर ओतकाम पाहिजे. पोट भरत होतं. पण मला पस्तिशीत पोट भरण्यापेक्षा जास्त काहीतरी पाहिजे होतं.

2006-07 ला गाड्यांचं मार्केट जोरात होतं. एका मोठ्या कंपनीला माल देणारा एक जण आमच्या भट्टीवर आला, दोन-चार पीस उचलून बघितले आणि म्हणाला, इंडक्शन फर्नेस टाका, महिन्याला चार हजार पीस उचलतो. विजेची भट्टी, त्यात कार्बन-सिलिकॉन हातात राहतं, धूर नाही, कोकची कटकट नाही. मी रात्रभर आकडे मांडले. शेड, फर्नेस, वाळूचा मिक्सर धरून बेचाळीस लाखांचं कर्ज. तारण म्हणून शेड आणि गावाकडचं रान. म्हणजे सातबाऱ्यावर बोजा चढणार, आणि त्यासाठी दादाची सही लागणार.

फेब्रुवारी 2007. गावाकडच्या घराच्या सोप्यात दादा उसाच्या पावत्या लावत बसला होता. मी फाइल पुढं ठेवली. त्यानं ती उघडली नाही. पावत्यांवर दगड ठेवला आणि एकच विचारलं, "एकाच गिऱ्हाइकावर एवढं कर्ज?"

मी म्हणालो, "तुला धंद्यातलं काय कळतंय? तू आपलं रान बघ."

वहिनी चहा घेऊन दारापर्यंत आल्या होत्या, तिथंच थांबल्या. दादा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी धुतलेली टोपी घालून बँकेत आला आणि दाखवील तिथं सह्या करून गेला.

पुढचं बहुतेकांना माहीत आहे. सप्टेंबर 2008 ला अमेरिकेत लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली आणि मंदी इथवर आली. आमच्या चहाच्या गाड्यावर त्या नावाचा उच्चारही कुणाला धड येत नव्हता. दिवाळीनंतर चार हजार पीसचं शेड्यूल सहाशेवर आलं, आणि जानेवारीत फोन आला की पुढचं कळवतो. ते अजून कळवायचेत. हप्ते थकले. बँकेची पत्रं यायला लागली, ती मी भट्टीवरच्या टेबलाच्या खालच्या खणात टाकत गेलो. शेवटी 2010 ला फर्नेस गेली, शेड गेली, आणि उरलेलं फेडायला सव्वा एकर रान गेलं, तेही पडत्या भावात. त्या सव्वा एकरावर आता प्लॉट पडलेत. तिथून एसटी जाते तेव्हा मी खिडकीच्या दुसऱ्या बाजूला बघतो.

दादाशी भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. लग्नकार्यात, बारशाला भेटायचो, "बरं हाय न्हवं?" एवढंच.

2011 पासून मी शिरोली एमआयडीसीत दुसऱ्याच्या फाउंड्रीत नोकरीला आहे. क्वालिटी विभाग. सोप्या भाषेत, दिवसभर नापास झालेले पीस बघायचे आणि ते का नापास झाले ते लिहायचं. मालक होतो तेव्हा मी असल्या माणसाला पगार द्यायला कुरकुर करायचो, हे जाता जाता कबूल करतो.

त्या वर्षांत लोकांनी सल्ले खूप दिले. जे होतं ते चांगल्यासाठी, असं सांगणाऱ्याच्या तर मी दोनदा अंगावर गेलो. सव्वा एकर जाण्यात कुणाचं चांगलं होतं ते मला अजून कळलेलं नाही; प्लॉट पाडणाऱ्याचं असेल. दुसरे म्हणायचे, झालं गेलं गंगेला मिळालं. आमच्याकडं पंचगंगेला मिळालेलं पावसाळ्यात परत दारात येतं, त्यांना काय सांगणार. बायकोनं वाडीच्या पौर्णिमा धरायला लावल्या. नरसोबाच्या वाडीत घाटावर बसून बरं वाटायचं, कृष्णा-पंचगंगेचा संगम बघत तासभर जायचा. एसटीत बसलो की खणातली पत्रं पुन्हा डोळ्यांपुढं.

रात्री दोन-अडीचला जाग यायची आणि डोक्यात तीच केस चालू व्हायची. वकीलही मी, आरोपीही मी, आणि निकाल रोज तोच: तू नालायक. असली केस रोज चालवूनही पुढं सरकत नाही. सकाळी उठून शिरोलीला जायचं आणि लोकांच्या चुका शोधायच्या.

तिथं एक मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे करणारे, होते, साठीच्या पुढचे, सगळे त्यांना मामा म्हणायचे. सुरुवातीला मी रिजेक्ट पीस बाहेरून बघून कारण लिहायचो. मामांनी एकदा माझ्या हातातून पीस काढून घेतला आणि जमिनीवर ठेवला. "आधी फोड. आतनं बघितल्याबगर लिवू नगं." घणाचा एक घाव, पीस दोन तुकडे. मामांनी भोकात नखाचं टोक फिरवलं. "हात लाव. गुळगुळीत हाय?" होतं. आतली भिंत चकचकीत, जणू कुणी पॉलिश मारलंय. "म्हंजे वायू अडकलाय. वाळूत पाणी जास्त झालं असंल. खरबरीत लागलं असतं तर शिंकेज." शिंकेज म्हणजे श्रिंकेज, रस थिजताना आकसून पडलेलं भोक. दोन्ही भोकंच, बाहेरून सारखीच. पण एकाला वाळूचं पाणी कमी करावं लागतं आणि दुसऱ्याला रायझर, म्हणजे साच्यातला जादा रसाचा साठा, वाढवावा लागतो. रोग ओळखायच्या आधी औषध दिलं तर दुसऱ्या भट्टीला तेच होतं.

आणखी एक नियम तिथं शिकलो. रिपोर्टात "कारण" या रकान्यात "कामगाराचा निष्काळजीपणा" असं लिहिलं तर आमचे मॅनेजर तो कागद परत पाठवायचे. ते म्हणायचे, हे कारण नाही, ही शिवी आहे. टोयोटात पाच वेळा "का" विचारायची पद्धत आहे, ती आमच्याकडंही लावलेली. भिंतीवर कारणं शोधायचा तक्ता, जपानी इशिकावांचा तो माशाचा सांगाडा, टांगलेला: एका काट्यावर माणूस, एकावर मशीन, एकावर माल, एकावर पद्धत. नवीन पोरं चिडायची. एकानं विचारलं, "सर, रिजेक्शन शून्य का होत नाही?" मॅनेजर हसले. "रेट काढतानाच शेकडा चार-पाच धरलेलं असतं. शून्य धरून रेट दिलास तर पावसाळ्यात बुडशील." पावसात वाळूचं पाणी सांभाळणं अवघडच असतं. तीन-चार टक्क्यांच्या वर गेलं की भोकं पडायला लागतात.

त्या दिवशी घरी जाताना सांगली फाट्यावर मला आठवलं की 2007 च्या माझ्या प्रोजेक्ट रिपोर्टात बाराही महिने चार हजार पीस धरलेले होते. एकही महिना कमी नाही. बँकेनंही ते तसंच घेतलं होतं.

मात्र माझ्या डोक्यात खरी जागा हलली ती लेथवर. एक पीस आला होता, बाहेरून एकदम देखणा. फेटलिंग, म्हणजे घासून-पुसून साफ करणं, झालेलं, कुठं डाग नाही. आमच्या इन्स्पेक्शनमधून पास होऊन गेला होता, मशीन शॉपवाल्यांनी बोलावून घेतलं म्हणून बघायला गेलो. ऑपरेटरनं पहिला कट घेतला, एक मिलिमीटर; साफ. दुसरा घेतला आणि बारीक काळा ठिपका दिसला. तिसऱ्या कटाला ठिपक्याचं भोक झालं. सगळे माझ्याकडं बघायला लागले, आणि मी रागानं म्हणालो, "तीन मिलिमीटर आत होतं ते. बाहेरून मला दिसणार कसं?"

बोललो आणि गप्प झालो. हे वाक्य मी स्वतःसाठी इतक्या वर्षांत एकदाही वापरलं नव्हतं. 2007 चा तो माणूस मी रोज रात्री 2010 च्या उजेडात बघत होतो. तीन कट घेऊन झाल्यावर भोक सगळ्यांनाच दिसतं.

यानं सुटलो असं मात्र झालं नाही. उलट एक नवीन किडा लागला. काय दिसत नव्हतं आणि काय दिसत असूनही मी बघितलं नाही, याची वेगवेगळी मोजदाद करायला पाहिजे होती. ती मी टाळत राहिलो. मग 2019 चा पूर आला.

ऑगस्टचा पहिला आठवडा. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट, पाणी 55 फुटांच्याही वर गेलं. शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं आणि पुणे-बंगळूर रस्ता बंद पडला. मी आणि आणखी सात-आठ जण कारखान्यातच अडकलो. नदीच्या पलीकडं कोल्हापूर, अलीकडं आम्ही. घर राजारामपुरीत, तिथं पूर येत नाही, पण नळाला पाणी नव्हतं, कारण उपसा करणारी केंद्रंच पाण्यात. चोहीकडं पाणी आणि बायको टँकरच्या रांगेत. फोन लागला की तेवढंच बोलायचो. भट्टी बंद, वीज बंद. कँटीनमध्ये तांदूळ आणि डाळ होती, त्यावर चाललं. मामा दुसऱ्याच दिवशी म्हणाले, "रिकामं बसून माणूस गंजतंय, कायतरी करा." त्यांनी रिकाम्या मोल्डिंग पेट्या घासायला काढल्या. मी टेबलाशी बसून रिजेक्शन रिपोर्टचा एक कोरा फॉर्म घेतला.

पीसचं नाव, तिथं लिहिलं: सव्वा एकर. दोष: गेलं. कुठं आढळला: सब-रजिस्ट्रार कचेरी. इथवर मी स्वतःशीच हसत होतो. पुढचा रकाना कारणाचा. पेन आपोआप लिहायला लागलं "माझा नालायक...", आणि मी थांबलो. हा कागद मॅनेजरनी परत पाठवला असता.

खोडून माशाचा सांगाडा काढला. मंदी एका काट्यावर गेली. तो काटा माझा नव्हता, आणि नऊ वर्षं मी तोही स्वतःच्याच नावावर लावत होतो. एकच गिऱ्हाईक, बारा महिने भरलेलं शेड्यूल, हे पद्धतीच्या काट्यावर. हे माझं, पण त्या साली तसं करणारे कोल्हापुरात मी एकटाच नव्हतो. मग पाच "का" सुरू केले. रान पडत्या भावात का गेलं? घाईत विकलं म्हणून. घाई का झाली? व्याज आणि दंड साचेपर्यंत कुणाला सांगितलं नाही म्हणून. वेळेत सांगितलं असतं तर फर्नेस आधी विकून, भाव बघून, अर्ध्या एकरावर भागलं असतं. का सांगितलं नाही? दादाला तोंड दाखवायची लाज वाटत होती. लाज का? त्याला म्हणालो होतो, तू आपलं रान बघ.

पाचव्या "का"शी मी बराच वेळ बसलो. बाहेर पाऊस पत्र्यावर वाजत होता, मामांचा ब्रश पेटीवर खरखरत होता. तसं का म्हणालो? तो अडाणी वाटला म्हणून? नाही. त्यानं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं नव्हतं, आणि ते मला त्याच क्षणी कळलं होतं. एवढं एक मला दिसत होतं. त्याला तीन कट लागले नसते.

लिहून झाल्यावर कागद अर्धा मोकळाच होता. नऊ वर्षं मी ज्याला डोंगर समजत होतो त्यातलं माझ्या नावावर निघालं ते एक वाक्य आणि एक खण. कमी भरलं म्हणून हलकं वाटलं असेल असं कुणाला वाटेल, पण तसं नव्हतं. नालायक असणं सोपं असतं. त्याला काही करायचं नसतं. हे वाक्य एका माणसाला बोललेलं होतं आणि तो माणूस चाळीस किलोमीटरवर जिवंत होता.

पाणी उतरलं, रस्ता उघडला. कागद मी घडी करून डब्याच्या पिशवीत ठेवला. गणपती गेले, दसरा गेला. बायको एकदा म्हणाली, "पोचवायचा नसंल तर भट्टीत तरी टाका." दिवाळीच्या पाडव्याला गेलो.

नदीकाठचा ऊस त्या वर्षी पुरानं कुजला होता, दादाच्याही राहिलेल्या रानातला निम्मा. तो त्याच सोप्यात बसला होता. फराळ झाला. मी कागद काढून दिला. त्यानं चष्मा आत राहिला म्हणून हात लांब करून वाचला. खूप वेळ लागला.

"हे का, का, का काय लिवलंयस?"

मी सांगितलं. फाउंड्रीत कसं करतात, भोक कसं बघतात, सगळं. जरुरीपेक्षा जास्तच बोललो. शेवटी पाचव्या ओळीवर बोट ठेवून म्हणालो, "हे तुला बोलायला नको हुतं."

दादानं कागद मांडीवर ठेवला. "नोटिसा खणात ठेवल्यास म्हणतोस."

"हां."

"मला बी आलती की. माझी सही न्हवती व्हय?"

मला कळेना. तो आत गेला आणि सातबाऱ्याची फाइल घेऊन आला. प्लास्टिकची, दोरीनं बांधलेली. तीत पिवळं पडलेलं पाकीट, बँकेचा शिक्का, 2009 च्या मार्चचा. माझ्या खणातलं पहिलं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या महिन्यातलं.

"मार्चात?" मी म्हणालो. "मग बोलला का नाहीस?"

"तूच म्हणालतास न्हवं, रान बघ. बघत हुतो." तो हसला नाही. पाकिटाची कड अंगठ्यानं सरळ करत राहिला. "म्हटलं बघूया कवा सांगतंय ते. ऊस तोडून झाला, पाऊस आला, तू काय सांगायला आला न्हाईस. मग मी बी ईर्षेला पडलो."

स्वयंपाकघरात भांडी वाजायची थांबली होती. वहिनी ऐकत असाव्यात.

माझ्या कागदावर हे नव्हतं. पाच "का" करूनही नव्हतं. मला रागही आला, खोटं कशाला सांगू. सहा महिने हा माणूस सगळं माहीत असून गप्प बसला होता. आणि त्याच वेळी गुळगुळीत भोकावर नख फिरवावं तसं काहीतरी कळत होतं, की अडकलेलं दोन्हीकडनं होतं.

आजही रात्री अडीचला जाग येते कधीकधी. केस उभी राहते, पण आता आरोपपत्र पाठ आहे, लहान आहे, वाचून संपतं आणि झोप लागते. कधी लागत नाही. एसटीच्या खिडकीतून प्लॉटांकडं मात्र मी बघतो आता. एका घरासमोर चांगला जास्वंद आहे.

त्या पाडव्याला दादानं फॉर्मच्या खालच्या बाजूला बघितलं. तिथं दोन रकाने असतात, तयार करणार आणि तपासणार. पहिल्यावर माझी सही होती.

"ह्यो तपासणारा कोण असतोय?"

"मॅनेजर. किंवा ज्याला पीस जातो तो."

"हं," म्हणाला. पेन मागितलं नाही. कागदाची माझ्याच घड्यांवरून परत घडी घातली, बँकेच्या पाकिटाशेजारी फाइलीत ठेवली आणि दोरी बांधली. मग गोठ्याकडं बघत म्हणाला, "धार काढायची वेळ झाली. म्हैस नवीन हाय, लाथ मारती. दावं धरायला येतोस?"